नीलेला फुटलेली वेगळी फांदी : लसीकावाहिन्या कशा घडतात

पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम चिघळली की दोन दिवसांनी जांघेत गाठ येते आणि ती ठसठसू लागते. घरातील जुनी माणसे ‘अवधाण आले’ असे म्हणतात आणि जांघ पाहण्याआधी पाय पाहतात. अंगठा आणि जांघ यांच्यामध्ये कुठली तरी वाट आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. ही वाट म्हणजे लसीकावाहिनी आणि जांघेतील गाठ म्हणजे त्या वाटेवरची, सुजलेली लसीकाग्रंथी. जखम धुतल्यानंतर तिच्यातून पाणी पाझरत राहते, त्यालाही आपण ‘लस’ म्हणतो. देवीच्या फोडातील असाच द्रव एकेकाळी टोचण्यासाठी वापरत असत, म्हणून आज प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या प्रतिबंधक द्रव्यालाही मराठीत ‘लस’ हाच शब्द राहिला आहे. शब्द घरचा असला तरी तो ज्या वाहिन्यांशी निगडित आहे, त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकात सहसा एका परिच्छेदात उरकली जाते. हृदय आणि रक्तवाहिन्यांवर पाने खर्ची पडतात. लसीकेच्या वाट्याला उरलेली जागा येते.

या उपेक्षेला एक कारण आहे. लसीकावाहिन्या जवळजवळ पारदर्शक असतात, त्यांतील द्रव, म्हणजे लसीका, फिकट असतो आणि त्या कापल्या तरी भळभळून काही वाहत नाही. त्यांचे काम मात्र थांबवता येण्याजोगे नाही. रक्त केशवाहिन्यांतून जाताना दाबामुळे त्यातील थोडे पाणी आणि काही प्रथिने भिंतीतून बाहेर झिरपतात आणि पेशींच्या मधल्या जागेत येतात. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये या झिरपण्यामागचे दाबांचे गणित मांडले. त्यानंतर अनेक दशके असे शिकवले गेले की बाहेर पडलेले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या नीलेकडील (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीकडील) टोकाशी पुन्हा आत शोषले जाते आणि लसीकेकडे फक्त उरलेसुरले जाते. गेल्या काही दशकांतील मोजमापांनी हे चित्र बदलले आहे. शरीराच्या बहुतेक ऊतींमध्ये असे परत शोषण टिकून राहत नाही, आणि बाहेर आलेले जवळजवळ सगळे पाणी लसीकावाहिन्यांनाच उचलावे लागते. प्रौढ माणसात हे प्रमाण दिवसाला सुमारे ८ लिटर आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास पाणी लसीकाग्रंथींमध्ये रक्तात परत घेतले जाते आणि उरलेले मानेच्या तळाशी मोठ्या नीलांमध्ये जाऊन मिळते. शरीरातील रक्तद्रव एकूण ३ लिटरच्या घरात असतो, हे लक्षात घेतले तर ही परतीची वाट दिवसभर बंद पडल्यास काय होईल, याचा अंदाज येतो.

दुसरे काम आतड्यात चालते. जेवणातील साखर आणि प्रथिनांचे घटक आतड्यातून सरळ रक्तात जातात, पण तेलातुपाचे पचन होऊन तयार झालेले स्निग्ध कण केशवाहिनीत शिरू शकत नाहीत इतके मोठे असतात. ते आतड्याच्या आतल्या भिंतीवरील प्रत्येक उद्वर्धात (बोटासारख्या सूक्ष्म उंचवट्यात) असलेल्या लसीकावाहिनीत शिरतात, आणि त्यामुळे तिथली लसीका दुधासारखी पांढरी दिसते. या पांढरेपणामुळेच लसीकावाहिन्या माणसाच्या नजरेस पडल्या. २३ जुलै १६२२ या दिवशी मिलान येथे गास्पारे आसेल्ली हे शल्यवैद्य काही मित्रांना जिवंत कुत्र्याच्या शरीरातील मज्जातंतू आणि श्वासपटल दाखवत होते. पोट उघडल्यावर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. आधी ते मज्जातंतू वाटले, पण एकाला टोचताच आतून पांढरा द्रव आला. पुढच्या कुत्र्यात त्यांना काहीच दिसले नाही. पहिला कुत्रा भरपेट जेवलेला होता आणि दुसरा उपाशी होता, हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि मग उलगडा झाला. या वाहिन्या यकृताकडे जातात, अशी मात्र त्यांची समजूत होती. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके यांनी ही लसीका छातीतील एका मोठ्या नलिकेतून मानेजवळच्या नीलांमध्ये पोहोचते असे दाखवले, आणि त्यानंतर लवकरच स्वीडनचे ओलाउस रुडबेक आणि डेन्मार्कचे टोमस बार्तोलिन यांनी आतड्याबाहेरही, शरीरभर, अशाच वाहिन्या असल्याचे मांडले. या शोधाचा पहिला मान कोणाचा, यावरून त्या दोघांत कडवट वाद झाला, पण तो वाद आपल्या विषयाला फारसा उपयोगाचा नाही.

उपयोगाचा वाद पुढे अडीचशे वर्षांनी झाला. या वाहिन्या गर्भात येतात कुठून, हा तो प्रश्न होता. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लॉरेन्स सॅबिन या तरुण संशोधक डुकराच्या गर्भांमध्ये बारीक सुईने शाई सोडून ती कुठवर पसरते हे पाहत होत्या. गर्भ जितका लहान, तितके शाईने रंगलेले लसीकेचे जाळे लहान आणि मोठ्या नीलांना अधिक लगटून असलेले दिसे. त्यावरून १९०२ मध्ये त्यांनी असे मांडले की लसीकावाहिन्या नीलांनाच अंकुरासारख्या फुटतात आणि तिथून बाहेरच्या दिशेने त्वचेपर्यंत पसरत जातात. कोलंबिया विद्यापीठाचे जॉर्ज हंटिंग्टन आणि प्रिन्स्टनचे चार्ल्स मॅक्ल्युअर यांना हे पटले नाही. त्यांच्या मते ऊतींमधल्या मोकळ्या फटी एकमेकींना जोडल्या जाऊन वाहिन्या तयार होतात आणि नीलांशी त्यांचा सांधा नंतर जुळतो. म्हणजे वाढीची दिशा नेमकी उलटी. दोन्ही बाजूंकडे सुबक छेदचित्रे होती आणि दोन्ही बाजू त्याच जातीच्या पुराव्याकडे बोट दाखवत होत्या. खरी अडचण अशी होती की मेलेल्या गर्भाच्या छेदात एखादी पेशी कुठे आहे हे दिसते. ती कुठून आली हे दिसत नाही. सॅबिन पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेतील पहिल्या पूर्ण प्राध्यापिका झाल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या महिलाही ठरल्या, पण हा प्रश्न त्यांच्या हयातीत निर्णायकपणे सुटला नाही. पेशीवर खूण करून तिचा माग काढण्याचे साधनच तोवर नव्हते.

ते साधन गिलेर्मो ऑलिव्हर यांच्या कामातून आले, आणि तेही आडवाटेने. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे काम करताना ऑलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीतील एका जनुकाशी साम्य असलेले उंदराचे जनुक शोधून १९९३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला ‘प्रॉक्स-१’ हे नाव दिले. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात बसून इतर जनुके चालू-बंद करते. कारखान्यातील मुकादमासारखे ते स्वतः माल तयार करत नाही, कोणते यंत्र चालवायचे आणि कोणते थांबवायचे एवढेच ठरवते. प्रॉक्स-१ डोळ्याच्या भिंगात, यकृतात आणि मेंदूच्या काही भागांत आढळत होते, आणि संशोधकांचे लक्षही सुरुवातीला तिकडेच होते. त्यानंतर अमेरिकेत मेंफिस येथील सेंट ज्यूड बालरुग्णालयाच्या संशोधन केंद्रात ऑलिव्हर आणि जेफ्री विगल यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात हे जनुक निकामी केलेले होते आणि त्याच्या जागी निळा रंग उमटवणारे एक खूणजनुक बसवलेले होते. ज्या पेशीत प्रॉक्स-१ चालू व्हायला हवे होते, ती पेशी त्यामुळे निळी दिसे.

उंदराची गर्भावस्था सुमारे वीस दिवसांची असते. साधारण साडेनवव्या दिवशी, मानेजवळच्या मोठ्या नीलेच्या भिंतीत, एकाच बाजूच्या काही पेशी निळ्या झाल्या. पुढच्या दिवसांत याच पेशी नीलेच्या भिंतीतून बाहेर पडून ओळीने आजूबाजूच्या ऊतींमध्ये निघाल्या आणि त्यांच्यापासून लसीकेच्या पहिल्या पिशव्या बनल्या. सॅबिन यांनी शाईने जे जाळे पाहिले होते, त्याचा उगम आता पेशीगणिक दिसू लागला. ज्या गर्भांत प्रॉक्स-१ च्या दोन्ही प्रती निकामी होत्या, त्यांत पेशींचे हे बाहेर पडणे सुरू झाले पण साधारण साडेअकराव्या-बाराव्या दिवसाला थांबले. त्या गर्भांमध्ये रक्तवाहिन्या व्यवस्थित होत्या आणि लसीकावाहिन्या मुळीच नव्हत्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने प्रथमच असे जनुक हाती आले की ज्याच्यावाचून रक्ताची व्यवस्था घडते, पण लसीकेची घडत नाही.

तीन वर्षांनी त्याच गटाने एक सूक्ष्म गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते या सगळ्या कामातील ती सर्वांत मोलाची आहे. प्रॉक्स-१ नसलेल्या गर्भात ज्या थोड्या पेशी नीलेतून बाहेर पडत होत्या, त्या लसीकेच्या पेशी झाल्याच नाहीत. त्यांच्यावर रक्तवाहिनीच्याच खुणा कायम राहिल्या. म्हणजे लसीकावाहिनीची पेशी ही मुळात वेगळ्या जातीची नसते. ती नीलेचीच पेशी असते, आणि प्रॉक्स-१ चालू झाल्यामुळे तिची ओळख बदलते. याची उलट बाजूही लगोलग तपासली गेली. दुसऱ्या प्रयोगशाळांनी काचपात्रात वाढवलेल्या रक्तवाहिनीच्या पेशींमध्ये प्रॉक्स-१ घातले, तेव्हा त्या पेशींमधली रक्तवाहिनीची काही जनुके मंदावली आणि लसीकेची जनुके चालू झाली. २००७ मध्ये ऑलिव्हर यांच्या गटाने नीलेतील पेशींवर कायमची खूण करून त्यांच्या वंशजांचा माग काढला आणि गर्भातील लसीकेच्या पेशी नीलेपासूनच आल्याचे दाखवले. सॅबिन यांच्या प्रबंधानंतर एकशे पाच वर्षे झाली होती.

ओळख एकदा बदलली की काम संपले, असे वाटणे साहजिक आहे. हाडाची पेशी हाडाचीच राहते, तिला रोज तसे बजावावे लागत नाही, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. लसीकावाहिनीच्या बाबतीत ती चुकीची ठरली. २००८ मध्ये याच गटाने पूर्ण वाढ झालेल्या उंदरांमध्ये, म्हणजे लसीकावाहिन्या घडून बराच काळ लोटल्यावर, प्रॉक्स-१ बंद केले. त्या वाहिन्या बेढब फुगल्या, त्यांत रक्त शिरले आणि त्यांच्या पेशींवर पुन्हा रक्तवाहिनीच्या खुणा उमटू लागल्या. लसीकेची पेशी जन्मभर प्रॉक्स-१ च्या जोरावरच लसीकेची राहते. मुकादम निघून गेला की कारखाना जुन्या मालाकडे वळतो. हा मुकादम जागेवर कसा टिकतो याचेही उत्तर पुढे मिळाले. नीलेच्या आजूबाजूच्या ऊती ‘व्हीईजीएफ-सी’ नावाचे प्रथिन सोडतात आणि ते लसीकेच्या पेशीवरील एका ग्राहकाला, म्हणजे बाहेरचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते. हेलसिंकी येथील कारी अलितालो यांच्या गटाने हा ग्राहक आणि त्याला जुळणारे हे प्रथिन, या दोहोंवरही पायाभूत काम केले आहे. व्हीईजीएफ-सी नसलेल्या उंदरांत नीलेमध्ये प्रॉक्स-१ असलेल्या पेशी तयार होतात, पण त्या जागच्या हलत नाहीत. प्रॉक्स-१ त्या ग्राहकाची निर्मिती वाढवते, आणि ग्राहकाकडून येणारा संदेश प्रॉक्स-१ ला चालू ठेवतो. दोघे एकमेकांना धरून उभे असतात, त्यामुळे एक डळमळला की दुसराही डळमळतो.

आता प्रॉक्स-१ ची एकच प्रत निकामी असेल तर काय होते, हे पाहू. अशा उंदरांची बहुतेक पिल्ले जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांत दगावत आणि त्यांच्या पोटात दुधासारखा पांढरा द्रव साठलेला सापडे. आसेल्ली यांनी वाहिनीला टोचून काढला तोच हा द्रव, इथे तो आपोआप गळत होता. जी थोडी पिल्ले जगली ती दिसायला ठीक होती, पण प्रौढ झाल्यावर ती लठ्ठ होऊ लागली. नताशा हार्वे आणि ऑलिव्हर यांनी २००५ मध्ये हे प्रसिद्ध केले तेव्हा लसीकेचा अभ्यास करणाऱ्यांपलीकडेही त्याची दखल घेतली गेली, कारण लठ्ठपणाचे कारण आतड्याजवळच्या गळक्या नळ्यांत असू शकते ही कल्पना नवी होती. गळलेली लसीका भोवतालच्या चरबीच्या पेशींना जोमाने वाढवते, असे त्यांना काचपात्रातही आढळले. पण प्रॉक्स-१ यकृतातही असते, म्हणून दोष खरोखर वाहिन्यांचाच आहे का, ही शंका रास्त होती. २०१६ मध्ये त्यावर उत्तर आले : या उंदरांमध्ये प्रॉक्स-१ ची कमतरता फक्त लसीकावाहिन्यांमध्ये भरून काढल्यावर गळती थांबली आणि लठ्ठपणाही कमी झाला. यावरून माणसाच्या वाढत्या वजनाचे खापर सरसकट लसीकेवर फोडणे चुकीचे होईल. उंदरातील एका जनुकाची ही गोष्ट आहे, आणि ती तेवढीच वाचावी.

गळती का होते, हे समजण्यासाठी या वाहिन्यांची बांधणी पाहावी लागते. सर्वांत बारीक लसीकावाहिनीचे टोक बंद असते, हातमोज्याच्या बोटासारखे. तिच्या भिंतीतल्या पेशी ओकच्या पानासारख्या नागमोडी कडांच्या असून त्या एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. त्यांची शिवण सलग नसून ठिकठिकाणी बटणे लावल्यासारखी असते आणि दोन बटणांच्या मधल्या फटीतून द्रव आत शिरतो. बाहेर पाणी साठून ऊती फुगल्या की पेशींना बांधलेले बारीक धागे ताणले जातात आणि फटी उघडतात; आत दाब वाढला की त्या मिटतात. पुढच्या, मोठ्या वाहिन्यांमध्ये हीच शिवण सदऱ्याच्या बटणांऐवजी साखळीसारखी सलग होते, म्हणजे आत आलेले पाणी पुन्हा बाहेर जात नाही. डोनाल्ड मॅकडोनल्ड यांच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने २००७ मध्ये हा फरक दाखवला आणि त्यासाठी ‘बटणे’ आणि ‘झिपर’ हेच शब्द वापरले. मोठ्या वाहिन्यांमध्ये थोड्याथोड्या अंतरावर झडपा असतात, आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आकुंचन पावून द्रव पुढच्या तुकड्यात ढकलतो. शरीराला एक मोठे हृदय आहेच, पण लसीकेला अशी शेकडो छोटी ढकलयंत्रे मिळाली आहेत. त्यांना पायाच्या स्नायूंची मदत लागते, आणि म्हणूनच रात्रभर एसटीत पाय लोंबकळत बसून प्रवास केला की सकाळी चप्पल घट्ट होते. झडपांच्या पेशींमध्येही प्रॉक्स-१ भरपूर असते. त्याची एकच प्रत असलेल्या उंदरांमध्ये लसीका जिथे रक्ताला मिळते तिथल्या झडपा तयारच होत नाहीत.

सॅबिन यांचे म्हणणे संपूर्ण खरे ठरले का? नाही. २०१५ मध्ये हृदयाच्या आणि आतड्याच्या पडद्याच्या लसीकावाहिन्यांमध्ये काही पेशी नीलेपासून आलेल्या नाहीत असे दाखवणारे निबंध प्रसिद्ध झाले. मुख्य खोड नीलेचे आणि काही अवयवांत बाहेरून जुळलेल्या पेशी, असे चित्र आज मान्य होत आहे, आणि हंटिंग्टन यांना अगदीच चुकीचे म्हणणे आता जमणार नाही. त्याच वर्षी मेंदूच्या आवरणातही लसीकावाहिन्या असल्याचे व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. इटलीचे पाओलो मास्कान्यी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वाहिन्यांत पारा भरून काढलेल्या चित्रांत त्या आधीच दाखवल्या होत्या, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता.

आजारांच्या बाजूने पाहिले तर ही जनुके कागदावरची राहत नाहीत. व्हीईजीएफ-सीच्या ग्राहकात दोष असलेली मुले जन्मतःच सुजलेले पाय घेऊन येतात. या रोगाला मिलरॉय रोग म्हणतात आणि २००० मध्ये त्याचा संबंध या ग्राहकाच्या जनुकाशी जोडला गेला. आपल्याकडे मात्र लसीकेचा सर्वांत परिचित आजार जनुकांतून येत नाही, तो डासातून येतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीपाय नवा नाही. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास ज्या कृमीचे वहन करतो, तो कृमी मोठा झाल्यावर लसीकावाहिनीतच मुक्काम करतो आणि तिथे वर्षानुवर्षे जगतो. त्याच्यामुळे वाहिनी रुंदावते, झडपांच्या पाळ्या एकमेकींना टेकेनाशा होतात आणि लसीका वर जाण्याऐवजी खाली साचते. कृमीची पिल्ले रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून आरोग्यसेवक रक्ताचे नमुने रात्री घ्यायला येतात. दरवर्षी घरोघरी दिल्या जाणाऱ्या गोळ्या मुख्यतः ही पिल्ले मारून प्रसार थांबवतात. आरोग्यसेवकासमोर गोळी न गिळता ती खिशात ठेवणाऱ्यांना हे समजणे गरजेचे आहे की सुजलेला पाय पूर्ववत करणे हे त्या गोळीचे कामच नाही. पाय सुजण्याआधी साखळी तोडणे हे तिचे काम आहे. एकदा वाहिनी बिघडली की पाय साबणाने रोज धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, पाय उंच ठेवून झोपणे आणि पट्टी बांधणे, यानेच सूज आटोक्यात राहते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लसीकाग्रंथी काढलेल्या स्त्रियांचा हात सुजतो तेव्हाही उपाय याच जातीचे असतात.

मग व्हीईजीएफ-सी टोचून नव्या वाहिन्या उगवता येणार नाहीत का? फिनलंडमध्ये हा प्रयत्न झाला. काखेत निरोगी लसीकाग्रंथी रोवताना तिच्यात या प्रथिनाचे जनुक घालून वाहिन्या वाढवण्याची चाचणी घेण्यात आली, पण दुसऱ्या टप्प्याअखेर तिचा ठाम फायदा दाखवता आला नाही. सध्या काही रुग्णालयांत शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली एक मिलिमीटरहूनही बारीक लसीकावाहिनी शेजारच्या छोट्या नीलेला शिवून देतात, म्हणजे अडलेली लसीका मानेपर्यंत न जाता तिथेच रक्तात उतरते. गर्भात असा सांधा जुळतो तेव्हा नीलेच्या आणि लसीकेच्या पेशी मिळून तिथे झडप घडवतात. शिवाय रक्त चुकून लसीकेच्या पेशींना भिडलेच तर रक्तातील बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणिका) तिथे चिकटतात आणि वाट बुजवतात. शल्यचिकित्सकाच्या टाक्यात ही झडप नसते. म्हणून तो शिवण्याआधी ज्या नीलेच्या पुढच्या भागातील झडपा शाबूत आहेत आणि जिच्यातून रक्त मागे येत नाही, अशी नीला शोधतो, आणि ती सापडली नाही तर दुसऱ्या ठिकाणी छेद घेतो.